व्यवसायातली सोबत

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आजच्या सांगली जिल्ह्यातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासते, अशा समजुतीपायी अनेक शेतकरी त्यांच्या नांगराकडे पाठ फिरवीत. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील हाच नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडले. अशा विक्रेत्याला आधी शेतकऱ्याजवळ बसून त्याची अडचण ऐकावी लागे. विश्वास जडला तरच व्यवहार होई.

या फिरतीत भाऊरावांना खेड्यांतील अज्ञान जवळून दिसले. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडून सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. त्या मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिनेच काय, मंगळसूत्रही दिले.

आज दूरच्या समव्यावसायिकांशी घरबसल्या बोलता येते. तेथेही नियम तोच आहे: जो केवळ भाव विचारतो, त्याला भाव कळतो, जो दुसऱ्याची अडचण विचारतो, त्याला मित्र लाभतो आणि विद्याही.