खनिज गेलं त्या वाटेनं

एप्रिल महिना म्हणजे गोव्यातल्या आमच्या पार्सेच्या डोंगरांवर काजूच्या हंगामाचे दिवस. भाट्या पेटलेल्या असतात आणि संध्याकाळी वाऱ्यावर हुर्राकाचा, काजूच्या दारूचा वास येतो. 2024च्या एप्रिलात व्यवस्थापनशास्त्राच्या आमच्या वर्गाचा अभ्यासदौरा चीनला निघाला. मोपाचा विमानतळ आमच्या गावापासून जवळच, पण भारत आणि चीन यांच्यातली थेट विमानं 2020 पासून बंद होती. म्हणून आधी मुंबई, मग हाँगकाँग आणि तिथून पुढे रेल्वे अशी वाट धरावी लागली. चीनच्या प्रवेशाचा शिक्का हाँगकाँगच्या वेस्ट काउलून स्थानकातच बसला आणि तासाभरात वेगवान गाडीने आम्हांला ग्वांगचौला नेऊन सोडलं.

ग्वांगचौला पाऊस लागला होता. पर्ल नदी गढूळ पाण्याने भरून वाहत होती. हे शहर म्हणजे जुनं कॅन्टन. 1757 पासून 1842 पर्यंत सागरी मार्गाने येणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्यांना चीनचं हे एकच बंदर खुलं होतं. आपल्या मुंबईच्या जडणघडणीचा एक मोठा हिस्सा याच नदीवरून आला आहे. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे व्यापारी इथे वाऱ्या करून श्रीमंत झाले. त्यांच्या जहाजांत कापूस असे, तशी अफूही असे. माळव्याची अफू मुंबईहून जाई, आणि इंग्रजांचा कर चुकवायचा तर पोर्तुगीजांच्या दमणहून जाई. त्या अफूने इथली किती घरं धुळीला मिळवली, ते चिनी विद्यार्थी शाळेत शिकतात. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्या व्यापारातून उभ्या राहिलेल्या देणग्यांचीच नावं जास्त. व्यापार शिकायला आलेल्यांनी हा हिशोब आधी वाचावा, म्हणून सरांनी दौऱ्याची सुरुवात इथून ठेवली होती.

कॅन्टन फेअर हे प्रदर्शन 1957 पासून भरतं, वर्षातून दोनदा. वसंतातल्या प्रदर्शनाचा पहिला टप्पा विजेच्या वस्तूंचा आणि यंत्रांचा असतो. माझं लक्ष तिकडेच होतं, कारण पार्सेच्या शेजारी तुये इथे इलेक्ट्रॉनिक सिटी उभी राहणार असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. एका लहानशा गाळ्यावर फक्त स्विचची बटणं मांडली होती. बाकी काही नाही. गाळेवाल्याने सांगितलं की त्यांच्या भागात कोणी स्प्रिंग करतं, कोणी पितळी पट्टी, कोणी प्लास्टिकचा साचा, कोणी नुसता पुठ्ठ्याचा खोका, आणि हे सगळे एकमेकांपासून स्कूटरने जाण्याच्या अंतरावर असतात. साचा बिघडला तर दुरुस्त करणारा त्याच गल्लीत सापडतो. स्वस्ताईचं गुपित मजुरीत असेल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात ते या शेजारात होतं. जमीन संपादन करून कुंपण घातलं की औद्योगिक वसाहत झाली, असं आपण मानतो. शेजार उभा राहायला पिढी लागते, आणि त्याची सुरुवात बटणासारख्या क्षुल्लक वस्तूपासून होते.

त्याच माणसाने आम्हांला चहा दिला. चिमुकला पेला रिकामा झाला की तो पुन्हा भरी. त्या वेळी दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायची, म्हणजे बोलणं न तोडता आभार मानले जातात, अशी त्या प्रांतातली रीत. तीन पेले झाल्यावर मग दराचा विषय निघाला.

पुढचा मुक्काम यीवू. चच्यांग प्रांतातलं हे गाव एके काळी गरीब. शेतजमीन थोडी आणि तीही नापीक. इथले लोक गुळाच्या वड्या घेऊन खेडोपाडी फिरत, वड्यांच्या बदल्यात कोंबड्यांची पिसं घेत, चांगल्या पिसांचे झटकणे करत आणि उरलेली खत म्हणून शेतात घालत. माओंच्या काळात अशी फेरी चोरून करावी लागे. 1982 साली फंग आयछ्येन नावाच्या फेरीवालीने इथले पक्षसचिव श्ये काओह्वा यांना भर रस्त्यात गाठलं आणि आम्हांला पोट भरू का देत नाही, असं विचारलं. त्यांनी तिचं ऐकून घेतलं. त्याच वर्षी गावात उघड बाजार भरवायची परवानगी मिळाली, तीही वरून स्पष्ट आदेश नसताना. आम्ही गेलो तेव्हा त्या बाजारात सुमारे 75 हजार गाळे होते. एकेका गाळ्यावर तीन मिनिटं थांबलं आणि रोज आठ तास फिरलं, तरी सव्वा वर्ष पुरणार नाही. 2014 पासून इथून थेट स्पेनच्या माद्रिदपर्यंत मालगाडी जाते.

आम्ही कृत्रिम फुलांच्या माळा आणि दिव्यांच्या गाळ्यांत शिरलो. एका बाईंच्या गाळ्यात झेंडूच्या माळा टांगलेल्या होत्या आणि खाली दिव्यांच्या तोरणांना आपल्याकडच्या गोल पिनांचे प्लग होते. आम्ही भारताचे म्हटल्यावर त्यांनी कॅलक्युलेटर ओढला आणि त्यावर 9 आणि 7 हे आकडे दाबून आमच्यापुढे धरला. सात सप्टेंबर. त्या वर्षीची चतुर्थी. फोनवरच्या भाषांतराच्या सोयीने त्यांनी समजावलं: निंगबो बंदरातून न्हावाशेव्याला माल पोचायला आठवडे लागतात, पुढे घाऊक बाजार, मग किरकोळ दुकानं, तेव्हा मागणी आताच नोंदवली पाहिजे. चतुर्थी कधी हे सांगायला माझ्या आईला कालनिर्णय उघडावं लागलं असतं. यांना ती तोंडपाठ होती.

मी त्यांना फोनवर आमच्या घरची माटोळी दाखवली. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेल्या सुपारीच्या पेंडी, नारळ, तोरिंगं, कवंडळं, रानातली फळं, फुलं, वेली. बाईंनी चित्र मोठं करकरून एकेक फळ पाहिलं. मग त्यांचा प्रश्न आला: असं किती घरांत बांधतात? मी म्हटलं, आमच्याकडे गणपती असलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात, पण यातलं काही कारखान्यात होणारं नाही. पेडण्याच्या, डिचोलीच्या बाजारात बायका रानातून आणून विकतात. त्यांनी मान हलवली, तरी एक छायाचित्र मागून घेतलंच.

हा प्रश्न मला दौरा संपेपर्यंत पुरला. त्यांनी माटोळीचा अर्थ विचारला नाही आणि किंमतही नाही. आधी घरं विचारली. गिऱ्हाईक कोण आहे, त्याचा सण केव्हा, त्याच्या भिंतीतल्या प्लगला भोकं कशी, हे समजून घेण्यात त्या बाजाराने चाळीस वर्षं घातली आहेत. 2023-24 मध्ये भारताने चीनकडून शंभर अब्ज डॉलरहून जास्त किमतीचा माल घेतला आणि त्यांना विकला तो सतरा अब्जांच्या आतबाहेर. या तफावतीची कारणं पुष्कळ आहेत, पण एक कारण मी त्या गाळ्यात उभं राहून पाहिलं.

यीवूहून उत्तरेला हपे प्रांत. चीन जगातलं निम्म्याहून अधिक पोलाद करतो आणि त्यात हा प्रांत पहिला. तांगशान भागातल्या एका पोलाद कारखान्यात आम्हांला कच्च्या मालाचं आवार दाखवलं. झाकलेल्या प्रचंड शेडमध्ये खनिजाचे ढीग आणि त्यांवर अखंड पाण्याचे फवारे. प्रयोगशाळेत पत्र्याच्या ताटांत नमुने ठेवलेले होते: ऑस्ट्रेलिया, ब्राझील, भारत. भारताच्या ताटातली भुकटी मी अंगठ्याने चोळली. तोच रंग. डिचोली तालुक्यातल्या माझ्या आजोळी तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, ताटातल्या भातावरही बसायचा तो.

माझ्या मामाचा ट्रक होता. खाणीवरून सारमानसच्या धक्क्यापर्यंत खेपा, तिथून बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराकडे, पुढे जहाज. गोव्याचं खनिज आधी मुख्यतः जपान घेई, तेही निवडक. कमी प्रतीची भुकटी खाणीशेजारी डंप म्हणून पडून राही. 2000 नंतर चीनने तीच मागितली आणि डंप विकले जाऊ लागले. 2010-11 मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांच्या घरात खनिज गेलं. गावागावांत कर्जाने ट्रक उभे राहिले, शेतांत गाळ उतरला, विहिरी आटल्या. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे सुरू झालेलं काम 2018 साली 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झाल्यावर पुन्हा बंद पडलं. मामाने ट्रक विकला तेव्हा हप्ते फिटायचे होते.

हलक्या प्रतीचं ते खनिज घेऊन तुम्ही काय करत होता, असं मी तिथल्या अभियंत्याला विचारलं. त्याने ताटं एका ओळीत लावून दाखवलं. ब्राझीलची उंची प्रत आणि आमची स्वस्त भुकटी ठरलेल्या प्रमाणात मिसळायची, कोळशाचा चुरा आणि चुनखडी घालायची, भाजून तिचे खडे करायचे आणि मग भट्टीत टाकायचे. आमच्या खनिजात ॲल्युमिना जास्त असतो, ही खोट त्यांना पुरती ठाऊक होती. तिला बरोबर घेऊन चालायची युक्ती त्यांनी शोधून काढली होती. चीनमधला दर आमच्या घरात रोज कळायचा. खनिजाचं पुढे काय होतं, हे विचारायला तिथे कोणी गेलं नव्हतं.

शेवटी शच्याच्वांग. तिथल्या हुतात्मा उद्यानात सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. 1938 साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांत ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. तिथली भाषा शिकले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या 32व्या वर्षी गेले. मध्ये 1962 चं युद्ध झालं, गलवान झालं, तरी त्यांच्या पुतळ्यापाशी ताजी फुलं होती आणि शाळेची मुलं रांगेने येत होती. आम्ही भारतातले कळताच त्यांच्या बाईंनी मुलांना आमच्यासाठी वाट करायला सांगितली. त्या देशात आपल्या माणसाची एवढी पत आहे, आणि ती त्यांच्यात राहून मिळवलेली आहे.

परतल्यावर अहवालात मी तीन गोष्टी मागितल्या. गोव्यात व्यापार शिकणाऱ्या प्रत्येकाला चिनी भाषेचं निदान एक वर्षाचं शिक्षण मिळावं. तुयेच्या वसाहतीत मोठ्या कंपनीची वाट पाहत न बसता स्प्रिंग, साचे, खोके करणाऱ्या लहान कारागिरांना आधी जागा मिळावी. आणि डिचोलीत खाणी पुन्हा सुरू होत असताना, खनिज नेणाऱ्या गावांतली चार मुलं दरवर्षी ते जिथे पोचतं तिथपर्यंत पाठवली जावीत. आपला माल कोणाच्या कामी येतो, हे ज्याला माहीत असतं तोच दर ठरवतो. आपण पन्नास वर्षांहून जास्त काळ दुसऱ्यांनी ठरवलेल्या दरावर आपली जमीन विकली. पुढची पिढी तरी तपशील हातात घेऊन सौद्याला बसावी.