उधारीचं नाव

माझं खरं नाव इथे सांगून उपयोग नाही. त्या नावा-आडनावाच्या बायका एकट्या नागपुरात इतक्या आहेत, की बँकेतसुद्धा मला वडिलांचं नाव दोनदा सांगावं लागतं. मुद्रितशोधनाचं काम पाठवणारे मात्र मला 'रफारताई' म्हणून ओळखतात. हे नाव मी घेतलेलं नाही. १९९७ साली नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात ते मला मिळालं, आणि देणाऱ्याने दिलं ते चिडवायला.

छापखान्यात तेव्हा नुकतेच दोन कॉम्प्युटर आले होते. शिशाचे खिळे पोत्यांत भरून जिन्याखाली पडले होते. खिळे जुळवण्यात उमर घालवलेले एक काका आता प्रूफं तपासत. त्यांना सगळे 'खिळेकाका' म्हणत. मी त्यांच्या हाताखाली. पहिल्याच आठवड्यात एका लग्नपत्रिकेतलं 'आर्शीवाद' मी तसंच जाऊ दिलं. पाचशे पत्रिका छापून झाल्यावर चूक दिसली. मला रडू फुटलं. काकांनी पत्रिका पुढ्यात ठेवली.

"मोठ्यानं म्हन."

"आ-शीर्-वाद."

"र कोनाच्या आंधी येते?"

"वाच्या."

"मंग वाच्याच डोक्शावर बसव ना. शीनं काय पाप केलं?"

त्या दिवसापासून मला रफाराचं वेडच लागलं. दुकानाच्या पाट्या, बसवरच्या जाहिराती, देवळातल्या देणगीदारांच्या याद्या, काही सुटेना. काका मग हाक मारू लागले, "ए रफार, चहा सांग." मी एकदा चिडलेच. "काका, मला नाव आहे."

"हाय ना. पन ते तुह्या बापानं ठेवलं. हे तुह्या कामानं ठेवलं."

डबा खाताना ते विदर्भातल्या दोन माणिकांची गोष्ट सांगत. यावलीच्या माणिकला त्याच्या गुरूंनी, आडकोजी महाराजांनी, 'तुकड्या' म्हटलं. गुरूने दिलेलं ते नाव त्याने भजनात स्वतःच्या सहीसारखं वापरलं. दुसरे माणिक म्हणजे आमच्या नागपूरचे गोडघाटे. त्यांनी स्वतःच 'ग्रेस' हे नाव घेतलं आणि १९६७ च्या 'संध्याकाळच्या कविता'पासून मराठी वाचक त्यांना त्याच नावाने ओळखतो. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव दिलं गेलं, तेव्हा काका मिश्कीलपणे म्हणाले, "पाह्य, आता डिग्रीवरही टोपननाव."

२०१५ ला छापखाना बंद पडला. मी घरून काम करायचं ठरवलं आणि प्रकाशकांना ईमेल धाडले. लोक वाचायचे, पण नाव त्यांच्या लक्षात राहायचं नाही. एकाने तर मी समजून माझ्या नावाच्या दुसऱ्याच बाईंकडे कादंबरी पाठवली. शेवटी माझी भाची इंटरनेटवर माझ्या कामाचं पान तयार करायला बसली आणि म्हणाली, "मावशी, ते काका तुला काय म्हणायचे गं?" तिने तेच नाव वर टाकलं. खाली फक्त दोन शब्द: 'आर्शीवाद' खोडलेला आणि 'आशीर्वाद' नीट लिहिलेला. महिन्याभरात पुण्याहून फोन आला, "रफारताई बोलताय का?"

नावाची ही करामत पुढे साऱ्या नागपूरने पाहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्स यांनी आमच्या सदर भागातल्या डॉली चायवाल्याच्या हातचा चहा घेतानाचा व्हिडिओ टाकला. चित्रीकरण हैदराबादेत झालं. समोर कोण उभं आहे हे तेव्हा आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं डॉलीनेच नंतर सांगितलं. त्याचं खरं नाव सुनील पाटील. सुनील पाटील महाराष्ट्रात गावोगाव सापडतील, डॉली एकच. पण नाव गिऱ्हाइकाला टपरीपर्यंतच आणतं. उंचावरून दुधाची धार सोडायची ती हातानेच, आणि रोज.

हे मला जरा उशिरा कळलं. नाव गाजायला लागल्यावर मी एक जुनं पुस्तक घाईत उरकलं. मजकूर जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये आणलेला होता. जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये 'र्' अक्षराच्या आधी साठवला जातो. रूपांतरात जरा गल्लत झाली, की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. तसे सात रफार माझ्या नजरेतून सुटले. लेखकाने पानांचे फोटो पाठवून एवढंच विचारलं, "नाव तुमचंच ना?"

मी काकांकडे गेले. तोवर त्यांना नीट दिसत नव्हतं. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "नाव उधारीचं हाय पोरी. रोज थोडं थोडं फेडा लागते." मग मला त्या सातही ओळी मोठ्याने वाचायला लावल्या. तेव्हापासून कितीही घाई असली तरी शेवटचं प्रूफ मी मोठ्याने वाचते.

काका गेले त्या दिवशी त्यांच्या नातवाने निधनाच्या बातमीचा मजकूर पाठवला: "मावशी, ग्रुपवर टाकायच्या आधी एकदा पाहाल का?" त्यात काकांचं खरं नाव होतं. अठ्ठावीस वर्षांच्या ओळखीत ते मी पहिल्यांदा वाचत होते. ते नाव वाचून छापखान्यातलं एकही माणूस घाटावर आलं नसतं. मी त्यापुढे कंसात 'खिळेकाका' लिहिलं. मग पहिला शब्द मोठ्याने वाचला आणि 'र्स्वगीय'मधला रफार उचलून 'गी'वर ठेवला.