जुन्या गाण्यांचे पडसाद

गतवर्षी आमच्या पुतणीचा साखरपुडा आमच्या बडोद्याच्या घरी झाला. प्रार्थना झाली, अंगठ्या झाल्या, पाहुणे जेवावयास बसले आणि मुलांनी यंत्रावर एक सिनेमाचे गाणे लावले. ते १९७३ सालच्या ‘बॉबी’ चित्रपटातील ‘ना मांगू सोना चांदी’ हे होते. तरुण मंडळी ताल धरून नाचू लागली. आम्हांला ते रुचले नाही. ‘शुभकार्यात हे सिनेमाचे थेर कशाला? आपल्या घरची गाणी नाहीत काय?’ असे आम्ही जरा मोठ्यानेच बोललो.

कोपऱ्यात नवऱ्या मुलाची आजी बसली होती. बाई मूळच्या गोव्याच्या. त्या हसून म्हणाल्या, ‘अरे बाबा, हे सिनेमाचे कधीपासून झाले? हे तर आमचे!’ आणि त्यांनी थरथरत्या पण सुरेल आवाजात कोंकणी देखणी म्हणून दाखविली. नदीपलीकडे लग्नघरी जावयास निघालेली कलावंतीण नावाड्याला विनविते, अंगावरचे दागिने देऊ करिते, आणि नावाडी काही केल्या ऐकत नाही, असे ते गीत. चाल तीच! मुले नाचावयाची थांबली आणि आजींभोवती येऊन बसली. आम्ही मात्र मनातून ओशाळलो. घरचे गाणे हवे म्हणून जे आम्ही बंद करावयास निघालो होतो, ते एका घरचेच गाणे होते.

पुढे विचार करिता आम्हांला त्यात नवल वाटेनासे झाले. ‘बॉबी’चे संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीचे. त्यांपैकी प्यारेलाल हे व्हायोलिन शिकले ते गोव्यातील माजोर्डा गावच्या अँथनी गोन्साल्विस या गुरूजवळ. मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत आपल्या गोमंतकीय वादकांचा भरणा किती होता, हे सर्वश्रुत आहे. वादक आले ते आपल्या गावची गाणी घरी ठेवून थोडेच येणार!

साखरपुड्याची ही हकिगत आम्ही आमच्या शेजाऱ्यांस सांगितली. दांडिया बाजारात सारे त्यांना ‘मास्तर’ म्हणतात. संगीत शिकविण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. ते म्हणाले, ‘असल्या गोष्टींसाठी गोव्याला कशाला जाता? सूरसागरापर्यंत चला.’ आणि त्या सायंकाळी ते आम्हांस तळ्याकाठच्या संगीत महाविद्यालयावरून फिरावयास घेऊन गेले. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाती सोपविलेल्या गायनशाळेतून वाढलेली ही संस्था. अमीरउमरावांपुरते असलेले गाणे सामान्यांच्या मुलांसही शिकता यावे, ही महाराजांची इच्छा. याच बडोद्याच्या दरबारी पुढे उस्ताद फैयाज खाँ गायक म्हणून राहिले आणि ५ नोव्हेंबर १९५० रोजी याच नगरीत निवर्तले.

‘खाँसाहेबांची नट बिहाग रागातली तबकडी तुम्ही ऐकली आहे का?’ मास्तरांनी विचारिले. ‘नाही’ म्हणताच ते म्हणाले, ‘ऐकली आहे, फक्त तुम्हांला ठाऊक नाही.’ १९५१ साली, म्हणजे खाँसाहेबांच्या निधनास पुरते वर्ष झाले न झाले तोच, ‘बुझदिल’ नावाचा चित्रपट आला. त्यात सचिनदेव बर्मन यांनी लता मंगेशकरांकडून ‘झन झन झन झन पायल बाजे’ हे गीत गाऊन घेतले. ती खाँसाहेबांचीच गाजलेली बंदिश. ज्यांनी दरबाराची पायरी कधी पाहिली नाही, त्यांच्या ओसरीवर बडोद्याचे गाणे रेडिओवाटे पोचले. ऐकणाऱ्यांपैकी कितीकांस त्या बंदिशीचे मूळ ठाऊक असेल?

मग ही चोरी म्हणावी काय? आम्ही मास्तरांस सरळच विचारिले. त्यांनी उत्तर दिले नाही. घरी नेऊन एक जीर्ण नाटकाचे पुस्तक पुढे ठेविले. ते होते ‘स्वयंवर’. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाच्या पदांना चाली दिल्या भास्करबुवा बखले यांनी. बुवा काही काळ याच बडोद्यात मौलाबक्षांजवळ शिकले होते. आपल्याजवळच्या जुन्या बंदिशी त्यांनी नाटकास दिल्या आणि बालगंधर्वांच्या कंठातून त्या महाराष्ट्राच्या घरोघरी गेल्या. मास्तरांनी पदाच्या माथ्यावर बोट ठेविले. तेथे ‘चाल’ असा शब्द होता आणि त्यापुढे ज्या मूळ गाण्यावर ते पद बांधिले त्याचे नाव. संगीत नाटकांच्या पुस्तकांची ही रीतच होती. गाणे नवे, पण त्याचा बाप कोण, हे पहिल्या ओळीआधीच सांगून मोकळे व्हावयाचे!

आम्हांला आमच्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळाले. चाल घेण्यात पाप नाही. नाव पुसण्यात आहे. याच गुजरातेत रघुनाथ ब्रह्मभट्ट नावाचे कवी होऊन गेले. लोक त्यांना ‘रसकवी’ म्हणत. ‘मुघल-ए-आझम’ या १९६० सालच्या चित्रपटातील ‘मोहे पनघट पे’ हे गीत मुळात त्यांनी सुमारे चाळीस वर्षे आधी ‘छत्रविजय’ या गुजराती नाटकासाठी लिहिले होते. चित्रपट आला तेव्हा ते हयात होते. गाणे देशभर दुमदुमले. परंतु पडद्यावर गीतकार म्हणून जे नाव झळकले, ते त्यांचे नव्हते. आपले अपत्य मिरवणुकीतून जात आहे आणि आपण गर्दीत अनोळखी उभे आहोत, असे त्या कवीला वाटले नसेल काय?

आणि देवळातल्या गाण्यांचे काय? उपवासकाळात प्रभूच्या काट्यांच्या मुकुटाने घायाळ झालेल्या मस्तकास उद्देशून जे भक्तिगीत जगभर गाइले जाते, त्याची चाल हान्स लिओ हास्लर या जर्मन संगीतकाराने १६०१ साली छापलेल्या एका प्रेमगीताची आहे. ती पुढे भक्तिगीताला लाभली, थोर बाखने आपल्या दुःखसहनाच्या संगीतात गुंफिली, आणि ‘बॉबी’ आला त्याच १९७३ साली पॉल सायमन या अमेरिकन गायकाने तीवरच आपले एक लोकप्रिय गीत रचिले. प्रेमिकाच्या ओठांवरून वेदीपाशी आणि वेदीपासून पुन्हा बाजारात, असा हा चालीचा प्रवास. तेव्हा नव्या गाण्याला नाक मुरडण्याचा आमचा अधिकार फारच थोडा, हे आम्हांस मुकाट्याने मान्य करावे लागले.

परंतु या साऱ्याने आमच्या अंतःकरणात एक निराळेच शल्य उरले आहे. आमचे मूळ गाव वसईकडचे. आमची आई मांडवात गाणी म्हणत असे. हळद लागताना एक, वधू घराबाहेर पडताना एक. शेवटचे म्हणताना तिचा स्वर एका ठिकाणी चढून मग हळूच खाली येई, आणि त्या वळणावर साऱ्या बायका डोळ्यांस पदर लावीत. नवरात्रात आमच्या गल्लीत ध्वनिक्षेपकावर गाणी लागतात. मागल्या नवरात्रात त्यांतल्या एका गाण्यात अगदी तेच वळण आले! आम्ही खिडकीशी खिळून उभे राहिलो. आईचे गाणे आठवण्याचा प्रयत्न केला, शब्द येईनात. थोरल्या बहिणीस गावी फोन केला. तिला दोन ओळी आठवल्या, पुढे तीही अडली. आई जाऊन वीस वर्षे झाली. तिच्या हयातीत ते गाणे उतरून घ्यावे, असे आम्हां शिकलेल्या मुलांपैकी एकाच्याही मनात आले नाही. गोव्याच्या आजींनी मूळ दाखविले म्हणून पडसाद ओळखू आला. आमच्यापाशी आता केवळ पडसाद आहे.

वाचकहो, आपल्या घरात गाणी ठाऊक असलेली आजी, आत्या, मावशी असेल, तर येत्या रविवारी जेवणे झाल्यावर तिच्याजवळ बसा. तिला म्हणावयास लावा आणि एका वहीत ते लिहून घ्या. मुलांच्या हातांत ती यंत्रे आहेतच, त्यांत तिचा आवाजही साठवा. आणि वहीत गाण्याच्या माथ्यावर, नाटकवाल्यांच्या जुन्या रीतीप्रमाणे, तिचे नाव घालावयास विसरू नका. आमच्या वहीत आज दोनच ओळी आहेत. त्यांच्या माथ्यावर आम्ही लिहिले आहे : ‘चाल : आईची.’