रुक्मीची मिशी

आजीची पोथी लाल फडक्यात बांधलेली असायची. एकनाथांचं 'रुक्मिणी स्वयंवर', 18 प्रसंग. आत्याचं लग्न जमावं म्हणून तिवशाच्या आमच्या घरात तिची पारायणं व्हायची. रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर आमच्याच तालुक्यात, वर्धेच्या काठी. त्यामुळे आजी ती गोष्ट शेजारच्या वाड्यात घडल्यासारखी सांगे. कृष्णाला मारल्याशिवाय गावात पाय ठेवणार नाही, अशी शपथ घेऊन तिचा भाऊ रुक्मी निघाला आणि हरला. रुक्मिणी पाया पडली म्हणून जीव वाचला, पण कृष्णानं त्याला बांधून केस-मिशी वेडीवाकडी भादरली. "मिशी गेली, पण भाऊ रायला नं बाप्पा!" आजी म्हणे. मला त्या मिशीचंच हसू यायचं.

पुढे बाबा आणि काकांचं धुऱ्यावरून फाटलं. भांडण नांगराच्या दोन तासांएवढ्या जमिनीचं. बाबांनी केस मागे घेतली, मात्र काकांना पारावर चारचौघांत चूक कबूल करायला लावून. बाबांनी मोठं मन दाखवलं, असं घरात सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो माणसं मौन उभी राहतात. त्याच गर्दीत दोघंही असायचे. मौन तर ते वर्षभर पाळत होतेच. ताईच्या लग्नात काका आले, अक्षता टाकल्या, आहेर दिला आणि न जेवता गेले.

आजीची पोथी लग्नापाशी संपते. भागवताचा दशम स्कंध मी पन्नाशीत वाचला, तिथे रुक्मी पुढेही भेटतो. तो घरी परतलाच नाही. भोजकट वसवून तिथेच राहिला. आमच्याकडे भातकुलीला भोजकट म्हणतात. वैर मनात धरूनही बहिणीसाठी त्यानं मुलगी तिच्या मुलाला, प्रद्युम्नाला दिली, नात तिच्या नातवाला, अनिरुद्धाला. नातीच्या लग्नात सारीपाटावर बलरामाला हसला, आणि बलरामानं त्याला तिथंच मारलं. कृष्ण बरं-वाईट काहीच बोलला नाही; एक शब्द काढला असता तर बायको तरी दुखावली असती, नाहीतर भाऊ. रुक्मिणी काय म्हणाली, ते तिथं नाही. मी तो अध्याय दोनदा चाळला.

त्या रात्री पारावरचे काका आठवले. मान खाली, हात मिशीवर.

आता बाबा नाहीत. काकांकडे जायचं म्हणून मी दोनदा निघालो, आणि दोन्ही वेळा धुऱ्यावरून परत फिरलो.