झुरिकमधील हाताची शाळा

झुरिक म्हटले की प्रवाशाच्या डोळ्यांपुढे सरोवर, बँका आणि चॉकलेटची दुकाने उभी राहतात. आम्हीही प्रथम तेच झुरिक पाहिले. लिमात नदीच्या काठाने हिंडलो, सेंट पीटरच्या मनोऱ्यावरील साडेआठ मीटरांहून रुंद तबकडीचे घड्याळ मान वर करून न्याहाळले, आणि १८८९ पासून टेकडी चढणाऱ्या 'पॉलीबान' नावाच्या चिमुकल्या लाल गाडीत बसून वर गेलो. गाडी थांबते ती १८५५ साली स्थापन झालेल्या तंत्रविद्यापीठाच्या गच्चीपाशी. आइन्स्टाइन येथलाच विद्यार्थी. गच्चीवरून शहराची कौले आणि पलीकडचे पाणी फार सुरेख दिसते. पण आमचे मन त्या दिवशी दुसऱ्या एका उतारावर होते.

शहराच्या आग्नेय अंगाला बालग्रिस्ट नावाची वस्ती आहे. निळ्या-पांढऱ्या ट्राममधून तेथे जाता येते. १९१२ साली अपंग मुलांसाठी उघडलेले रुग्णालय आज अस्थिरोगांचे आणि मज्जारज्जूच्या दुखापतींचे मोठे केंद्र आहे. त्याच्याच शेजारी, लेंगहाल्डे नावाच्या रस्त्यावर, २०१५ साली संशोधनासाठी एक इमारत उभी राहिली. तंत्रविद्यापीठाची पुनर्वसन-अभियांत्रिकीची प्रयोगशाळा तिच्यात थाटली गेली. आत जाण्याचा परवाना आमच्यापाशी नव्हता, आणि बाहेरून पाहता नवलाचे काहीच दिसत नाही. तरीही त्या रस्त्यावर आम्ही बराच वेळ रेंगाळलो.

कारण सांगावयास हवे. अर्धांगवायूचा झटका आलेले माणूस ज्या घरात आहे, त्या घराला हे ठाऊक असते की बहुधा पाय आधी सावरतो आणि हात मागे राहतो. माणूस काठी टेकीत अंगणापर्यंत जाऊ लागते, पण जेवताना हात मांडीवर तसाच. बोटे मिटणारे स्नायू ताठरलेले आणि उघडणारे दुबळे. त्यामुळे मूठ मिटते ती उघडत नाही. ज्या हाताने आयुष्यभर इतरांना वाढले, त्याच्या धन्याला सुनेच्या हातून घास घ्यावा लागतो. हे दुःख रुग्णपत्रिकेत कोठे लिहिलेले नसते.

याच शहरात कॉन्स्टंटिन फॉन मोनाकोव्ह नावाचे मेंदूचे अभ्यासक होऊन गेले. मेंदूच्या एका भागाला इजा झाली म्हणजे त्याच्याशी जोडलेले दूरचे, धड असलेले भागही काही काळ स्तब्ध होतात, आणि पुढे ते पुन्हा जागे होऊ शकतात, हा विचार त्यांनी १९१४ साली मांडला. जे निजले आहे ते जागे व्हावयाचे तर हालचाल शेकडो वेळा गिरवली पाहिजे. पाटीवर मूल अक्षर गिरवते तशी. रोज तितका वेळ देणारा शिक्षक मात्र मिळत नाही, आणि यंत्राची गरज येथेच उभी राहते.

रॉजर गासर्ट, ऑलिव्हिए लांबर्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानातील क्यूशू विद्यापीठाच्या सहकार्याने येथे एक 'बाह्य हात' घडवला आहे. पोलादाच्या पातळ पट्ट्या एकावर एक बोटाच्या पाठीवर बसवायच्या. एक पट्टी दुसरीवरून सरकली की बोट सांध्यासांध्यांत वळते वा उघडते. ओढण्याचे काम मोटारी करतात, पण त्या हातावर नसून पाठीवरच्या पिशवीत असतात, आणि त्यांचा जोर सायकलच्या ब्रेकच्या तारेसारख्या तारांतून बोटांपर्यंत पोहोचतो. हातावरचे वजन अवघे १४८ ग्रॅम, पिशवीतले ४९२ ग्रॅम. बाहूवर बांधलेली पट्टी स्नायूंतील क्षीण विद्युत् टिपते. मनात 'उघड' असे येऊन स्नायू जरासा चाळवला की यंत्र उरलेले काम पुरे करते. हा क्रम आम्हांला सर्वांत मोलाचा वाटला. यंत्रानेच हात हलवला आणि मन भलतीकडे राहिले, तर शिकणार कोण?

मात्र यंत्राच्या नावानेच हुरळून जाऊ नये. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, टेबलाशी बसून यंत्राकडून हाताला व्यायाम दिल्याने नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताची कार्यक्षमता अधिक सुधारली असे आढळले नाही. झुरिकच्या याच मंडळींनी मॅजोरे सरोवराकाठच्या ब्रिसागो गावातील रुग्णालयात आपले दुसरे एक यंत्र पारखले; त्याचा २०२० सालचा निष्कर्षही एवढाच की यंत्राबरोबरचा सराव शिक्षकाबरोबरच्या सरावाहून उणा ठरला नाही. आमच्या मते 'उणा नाही' हेही थोडके नव्हे. जेथे शिक्षक पोहोचत नाही तेथे एवढे पोहोचले तरी पुष्कळ. अंगावर घालण्याजोगे हलके यंत्र घरी नेता येते, आणि सराव शेवटी घरीच व्हावयाचा असतो.

परतताना ट्राममध्ये आमच्यात वाद झाला तो भाकरीवरून. बाटली धरणे, काटा धरणे ही त्या देशाची कामे. आपल्याकडे घास मोडायचा तर अंगठ्याने दाबून धरायचे आणि बोटांनी फाडायचे. भात कालवायचा तर पाचही बोटांची टोके हवीत. हे यंत्र बोटांच्या पाठीवर बसते, तळवा बराचसा मोकळा राहतो, म्हणजे अन्नाचा ऊनपणा बोटांना कळेल खरा. पण वरणाचे थेंब आणि शिते त्या पट्ट्यांत अडकणार, आणि आमच्या घरच्या माणसाची पहिली तक्रार तीच असेल.