सिंहगड, पिठलं-भाकरी आणि हँडब्रेक

रविवारचा सिंहगड म्हणजे पुणेकरांचा ठरलेला प्लॅन. पुण्याहून जेमतेम ३० किलोमीटर, खडकवासल्याचं पाणी, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही! आम्हीही निघालो. घाटात रांग थांबली. मी हँडब्रेक पार वर ओढला, तरी गाडी मागे सरकायला लागली. आरशात बाईकवरचं जोडपं, मध्ये चिमुरडं. ब्रेकवर पाय गच्च दाबला, मित्राने उतरून चाकामागे दगड लावला. नंतर दह्याची चवच लागली नाही.

परतताना गॅरेजवाल्या काकांनी लिव्हर ओढत खटके मोजले. "बारा! पाच-सहात धरायला हवा."

"मग केबल आवळा ना."

"ताई, लायनर झिजलेत. नुसती केबल ताणली तर चाक घासून तापेल." मागचे ड्रम उघडून आधी लायनर बदलले, मग केबल अॅडजस्ट केली.

सो, वीकेंडला घाट चढायचाय? आधी सोसायटीच्या उतारावर हँडब्रेक तपासा. आणि पार्क करताना गाडी गिअरमध्येच ठेवा : तोंड चढाकडे तर पहिला, उताराकडे तर रिव्हर्स. दही मग निवांत खा!