रंग किती पातळ? विचारायला गेले शिझुओकाला!

टोकियोहून ओसाकाच्या दिशेनं जाणाऱ्या शिंकान्सेनमध्ये उजव्या हाताची खिडकी मिळाली, की फुजी पर्वत दिसतो. डब्यातले सगळे त्यासाठी माना वळवून बसले होते. मी मात्र पर्समधली चिठ्ठी पुन्हा उलगडून बघत होते. बाबांच्या अक्षरात तीनच प्रश्न होते : 'रंग खरखरीत का बसतो? थिनर किती? हवा किती?'

बाबा नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात रंगकामाला होते. मिग-२१ विमानं रंगवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर त्यांनी त्याच विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल मागवलं. खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं, म्हणजे जेमतेम फूटभर लांब. जोडणी झकास झाली, पण रंगानं दगा दिला. एअरब्रश म्हणजे पेनाएवढा स्प्रे, एका छोट्या कॉम्प्रेसरला जोडलेला. ऐन उन्हाळ्यात गॅलरीत बसून बाबांनी करडा रंग मारला, तर पंखांवर सँडपेपर तयार! मग हार्डवेअरच्या दुकानातला थिनर घालून बघितला, तर बाटलीतला ॲक्रिलिक रंग नासलेल्या दुधासारखा फाटला. ''एवढी खरी विमानं रंगवली, आणि हे खेळणं ऐकत नाही,'' असं म्हणून त्यांनी खोका माळ्यावर टाकला. त्यांचा उजवा हात त्या सुमारास किंचित थरथरू लागला होता. तो विषय घरात कुणी काढत नव्हतं.

२०२५च्या मे महिन्यात मी जपानला गेले ती दुसऱ्याच कामासाठी. एक शनिवार मोकळा मिळाला आणि मी शिझुओका गाठलं. सर्वांत वेगवान 'नोझोमी' गाडी तिथं थांबतच नाही, 'हिकारी'नं तासभर लागतो. चहाचे मळे आणि काळ्या रश्श्यातलं ओदेन यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. (शाकाहारी मंडळींनी त्या रश्श्याच्या वाटेला न गेलेलं बरं.) पण जगभरचे मॉडेलवेडे इथं येतात ते प्लॅस्टिकसाठी. शहरात काही ठिकाणी मॉडेलचे सुटे भाग चौकटीत अडकवलेले असतात तशी, पण पुरुषभर उंचीची शिल्पं उभारलेली आहेत. एका चौकटीत तर चक्क टपालपेटी आहे!

हे सगळं इथंच का, याचं मूळ लाकडात सापडतं. तोकुगावा शोगुनांच्या काळात इथल्या किल्ल्याच्या आणि सेंगेन देवळाच्या बांधकामासाठी सुतार, लाखकाम करणारे असे कसबी कारागीर आले आणि इथंच राहिले, असं सांगतात. पुढे त्याच गावात लाकडी विमानांची मॉडेलं होऊ लागली. आओशिमा कंपनी १९२४ची, हासेगावा १९४१ची. तामियाचा जन्म १९४६चा, तोही लाकडाच्या व्यापारातून. १९६० मध्ये तामियानं 'यामातो' युद्धनौकेचं पहिलं प्लॅस्टिक मॉडेल काढलं आणि लाकूड मागे पडलं.

दर मे महिन्यात ट्विन मेस्से या प्रदर्शनगृहात हॉबी शो भरतो. कंपन्यांचे झगमगते स्टॉल मी पटकन ओलांडले. खरी मजा हौशी क्लबांच्या लांबच लांब टेबलांपाशी होती. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा तिथं आपल्या विमानांमागे बसले होते. मी मोबाइलवर भाषांतर करून बाबांचे तिन्ही प्रश्न पुढे केले. त्यांनी ते वाचले, हसले आणि एकच शब्द टाइप केला : 'दूध'.

मग त्यांनी मला शेजारच्या प्रात्यक्षिकाच्या टेबलाशी नेलं. कपात रंगाचे काही थेंब, जवळजवळ तितकाच थिनर. कप तिरका करून फिरवला की रंग कडेवर चढायचा आणि दुधासारखा पातळ पडदा मागे ठेवून खाली उतरायचा. एअरब्रशचं तोंड असतं ०.३ मिलिमीटरचं. भिंतीच्या जाडीचा रंग त्यातून जाणार कसा? हवा पंधरा पौंडांच्या आसपास, म्हणजे स्कूटरच्या चाकातल्यापेक्षाही कमी. हे तुषार ओले असतानाच प्लॅस्टिकवर पोचले पाहिजेत, शेजारच्यात मिसळले पाहिजेत आणि मगच वाळले पाहिजेत. रंग दाट, हवा जास्त किंवा हात लांब असेल, तर तुषार वाटेतच सुकतो आणि नुसती धूळ बसते. नाशिकच्या कोरड्या मे महिन्यात बाबांचं तेच झालं होतं. तिथं थिनर थोडा वाढवायचा, वाळणं लांबवणारं द्रावण एक-दोन थेंब घालायचं, हात जवळ आणायचा. मात्र अती पातळ करून जवळून मारला, तर रंगाला कोळ्यासारखे पाय फुटतात.

आणि थिनर ज्याचा त्यालाच. तामियाच्या ॲक्रिलिकला अल्कोहोल चालतं, पण निव्वळ पाण्यावरच्या कित्येक ॲक्रिलिक रंगांत ते घातलं तर रंग फाटतो. हार्डवेअरचं कोडंही सुटलं.

आजोबांनी स्प्रे उचलला आणि मी चमकले. त्यांचा हात थरथरत होता, बाबांच्यापेक्षाही जास्त. त्यांनी मनगट डाव्या हातावर टेकवलं. प्लॅस्टिकच्या चमच्याच्या बाहेरच आधी नुसती हवा सुरू केली, मग रंग सोडला, आडवा हात फिरवत पलीकडे गेले आणि तिथं पोचल्यावरच रंग बंद केला. चमच्यावर फिकट, एकसारखा पडदा. तीन-चार पातळ थरांत रंग भरला. कुंचला टेकला की थरथर उमटते, इथं तर काही टेकतच नाही. त्यांच्या परवानगीनं मी ते सगळं मोबाइलवर टिपून घेतलं.

थिनर काही आणता आला नाही. तो ज्वालाग्राही, विमानात चालत नाही. घरी आल्यावर बाबांनी ती चित्रफीत चार वेळा पाहिली. थरथरणाऱ्या हातापाशी थांबवली, पण बोलले काहीच नाहीत. मग विचारलं, ''दूध कुठलं? म्हशीचं की गायीचं?'' हे मी विचारलंच नव्हतं! आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ''आपला गवळी घालतो ते.'' आणि गंमत म्हणजे तेच बरोबर निघालं.

खोका माळ्यावरून खाली आला. जुना रंग काढला, रंगाला जुळणारा थिनर मागवला. गॅलरीऐवजी आता खिडकीजवळ, तोंडाला मास्क लावून आणि सकाळी लवकर काम चालायचं. दोन डझन चमचे करडे झाले, मग पंख. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये हवाई दलाच्या मिग-२१ला निरोप दिला गेला, तेव्हा बाबांनी टीव्हीचा आवाज मोठा केला आणि पाठमोरे बसून शेपटीला तिसरा थर दिला.

आता तिरंगी खुणा चिकटवायच्या आहेत. त्याआधी चकचकीत वार्निशचा थर लागतो. त्यात थिनर किती, हे विचारून यायचं मात्र राहून गेलं.